मामेभावाचे सहा कॅन आणि अलिबागची संध्याकाळ

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मे महिन्याच्या शेवटी चौदा-पंधरा जणांचं कुटुंब अलिबागला बंगला घेऊन तीन दिवस राहणार आहे. वडिलांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून बियर सोडलीय. दोन काकांनाही सोडायचीय, पण त्यांचं म्हणणं, ‘संध्याकाळी हातात काहीतरी लागतंच.’ मिनेसोटाला राहणारा मामेभाऊ येताना गांजाच्या फसफसणाऱ्या पेयाचे सहा कॅन आणतो म्हणतोय. एका कॅनमध्ये फक्त ५ मिलिग्रॅम, दारूचा थेंब नाही, साखर नाही, सकाळी डोकं जड होत नाही. ताई विचारतात: आणू द्यावेत का? तसं काही इथे मिळतं का, की भांग घालून घरीच करता येईल? आणि हे सगळं नको असेल तर काकांच्या हातात द्यायचं काय?

मी वकील नाही, डॉक्टरही नाही. शिकले फूड टेक्नॉलॉजी. सात वर्षं सोड्याच्या कारखान्यात क्वालिटीला होते आणि नंतरची सोळा वर्षं मुंबईतल्या हॉटेलांना बिनदारूच्या पेयांचे मेन्यू बसवून देतेय. त्यामुळे तिसऱ्या प्रश्नावर मी जास्त बोलणार, हे आधीच सांगून ठेवते.

पहिल्याचं उत्तर: आणू देऊ नका. सहा नाही, एकही नाही.

१९८५चा अंमली पदार्थांचा कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, तो चरस आणि गांजा यांची व्याख्या करून थांबत नाही. त्यांच्यापासून केलेलं कुठलंही मिश्रण ‘किंवा पेय’ हेही त्याच व्याख्येत आहे. तेव्हा कुणाच्या डोळ्यांसमोर लिंबाचं चित्र असलेला चकचकीत कॅन नव्हता, पण तो त्यात बसतो. ज्याने चढतं ते टीएचसी नावाचं रसायन याच कायद्याच्या परिशिष्टातही आहे. मामेभाऊ म्हणेल, सगळे मिळून ३० मिलिग्रॅम, नखावर मावेल एवढं. पण २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मिश्रण पकडलं गेलं तर प्रमाण ठरवताना त्यात मिसळलेल्या साध्या पदार्थाचं वजनही धरायचं. ३५५ मिलीचे सहा कॅन म्हणजे दोन किलोच्या वर द्रव. त्यावर वकील कोर्टात काय भांडायचं ते भांडतील, पण तोवर मामेभावाची सुट्टी संपलेली असेल. बाहेरून आणणं हा वर ‘आयात’ म्हणून वेगळा गुन्हा. बँकॉकहून येणाऱ्या बॅगांमध्ये गांजा सापडल्याच्या बातम्या मुंबई विमानतळावरून इतक्या येतात, की तिथल्या कस्टमवाल्यांना कॅनवरचं हिरवं पान ओळखू येणार नाही असं समजणं धाडसाचं आहे.

मामेभाऊ खोटं बोलत नाहीये, हेही सांगायला हवं. मिनेसोटात जुलै २०२२ पासून हेम्पपासून काढलेलं टीएचसी घातलेली पेयं कायदेशीर आहेत, एका वेळच्या मात्रेत ५ मिलिग्रॅमपर्यंत. तिथे बियरच्या फ्रीजमध्ये बियरच्या शेजारीच ती ठेवलेली असतात. ही वाट निघाली अमेरिकेच्या २०१८च्या शेतीविषयक कायद्यातून. त्यात म्हटलं होतं, वाळलेल्या झाडाच्या वजनात डेल्टा-९ टीएचसी ०.३ टक्क्याच्या आत असेल तर ते झाड हेम्प, गांजा नव्हे. नियम झाडासाठी केला, लोकांनी तो पाण्याला लावला. ३५५ ग्रॅम पाण्याचे ०.३ टक्के म्हणजे एक ग्रॅमच्या वर. ५ मिलिग्रॅम त्यात कुठल्या कुठे बसतात. हुशारी खरी, पण पळवाट ती पळवाटच. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या कायद्याने वर्षभराची मुदत देऊन ती बुजवायला घेतली. नवी मर्यादा आहे अख्ख्या कॅनला एकूण ०.४ मिलिग्रॅम टीएचसी. कॅनडाची गोष्ट वेगळी. तिथे गांजाच कायदेशीर आहे आणि एका पॅकमध्ये १० मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

आता इथलं. दुकानात ‘हेम्प’ लिहिलेली पावडर, तेल दिसतं ना, ते बियांचं. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०२१ मध्ये हेम्पच्या बियांना आणि बियांच्या तेलाला खाद्यपदार्थ म्हणून परवानगी दिली. बियांपासून केलेल्या पेयात टीएचसीची मर्यादा ठेवली किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. ३३० मिलीच्या बाटलीचा हिशोब केला तर होतात ०.०६६ मिलिग्रॅम. मामेभावाच्या कॅनमध्ये याच्या पंचाहत्तर पट. त्यामुळे उद्या बाटलीबंद ‘हेम्प सोडा’ कुठे दिसला आणि काकांनी ‘हेच ते’ म्हणून दोन घेतले, तर त्यांना ढेकर येईल. एवढंच.

भांगेबद्दल लोकांचा घोळ होतो आणि त्याला कारण आहे. एनडीपीएसमध्ये गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांबरोबर नसलेली नुसती पानं आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. म्हणून राजस्थानात, उत्तर प्रदेशात परवान्याची भांगेची दुकानं राजरोस चालतात. ते बघून आलेला माणूस गिरगावात येऊन सांगतो, ‘भांग तर लीगल आहे.’ पण वगळलेलं ते राज्यांवर सोडलेलं, आणि आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा आहे. तोच, ज्याच्यामुळे मुंबईत ‘बार’ला अजून परमिट रूम म्हणतात. त्या कायद्यात भांग मादक पदार्थ म्हणून बसते. परवान्याशिवाय बाळगणं, विकणं, घेणं, काहीच चालत नाही. होळीला काय चालतं ते मुंबईकरांना माहीत आहे. चालतं म्हणजे चालू आहे असं नव्हे.

समजा कायदा बाजूला ठेवला. तरी घरी भांगेचा सोडा होत नाही, आणि त्याचं कारण मला कायद्यापेक्षा जास्त आवडतं.

टीएचसी पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. आपल्या लोकांनी भांग दुधात, बदामाच्या वाटणात, तुपात घातली ती उगाच नाही. तुम्ही भांग वाटून सोड्यात घातलीत तर चोथा तळाला बसणार, थोडं तेलकट वर तरंगणार आणि उरलेलं भांड्याच्या कडांना चिकटणार. पहिल्या ग्लासात काहीच नाही, शेवटच्या ग्लासात सगळं. कारखान्यात यासाठी तेलाचे इतके बारीक थेंब करतात, की ते शंभर नॅनोमीटरच्याही खाली जातात. मग ते क्विलाया नावाच्या झाडाच्या सालीचा अर्क, डिंक किंवा प्रक्रिया केलेला स्टार्च यांच्या आधाराने पाण्यात तरंगत ठेवतात. याला नॅनो इमल्शन म्हणतात. इतके बारीक थेंब प्रकाश अडवत नाहीत, म्हणून पेय काचेसारखं स्वच्छ दिसतं. त्यातही सुरुवातीला त्या लोकांची एक पंचाईत झाली. ॲल्युमिनियमच्या कॅनला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो आणि टीएचसीला पाण्यापेक्षा प्लॅस्टिक प्रिय. काही आठवड्यांत माल पेयातून निघून भिंतीला चिकटायचा. लेबलवर ५, प्रत्यक्षात त्याहून बराच कमी. मी सोड्याच्या कारखान्यात क्वालिटीला होते, त्यामुळे हे वाचताना मला त्या माणसांची दया आली. आमच्याकडे बाटलीत गॅस कमी भरला एवढ्यावरून आठवडाभर बोलणी बसायची.

आणि मात्रेचं गणित बघा. ३३० मिलीची पाच टक्क्यांची बियर म्हणजे साधारण १३ ग्रॅम अल्कोहोल. कॅनमध्ये ५ मिलिग्रॅम टीएचसी. दोन हजार सहाशे पटींचा फरक. बियरमध्ये अर्धा ग्रॅम इकडेतिकडे झाला तर कुणाच्या बापाला कळत नाही. तिकडे दोन मिलिग्रॅम इकडेतिकडे म्हणजे एखाद्याची संध्याकाळ इकडची तिकडे. घरचं मिक्सरचं भांडं या कामाचं नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका खासगी होळीच्या कार्यक्रमात पेयांचं काम माझ्याकडे होतं. माझं पन्हं, माझं कोकम, माझी साधी थंडाई. शेजारच्या टेबलावर यजमानांनी स्वतःच ‘खास’ थंडाई ठेवली होती, ते मला तिथे गेल्यावर कळलं. पाहुण्यांनी एकेक ग्लास घेतला. अर्ध्या तासाने सगळे म्हणायला लागले, ‘यात काही दम नाही.’ दुसरा ग्लास. मी पाहिलं ते एवढंच, की पाऊण-एक तासाने टेबलाभोवतीचा आवाज एकदम कमी झाला. एक साठीचे गृहस्थ गच्चीच्या जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसले आणि म्हणाले, जिना संपत नाहीये. तोंडाला कोरड, म्हणून त्यांना कुणीतरी पाणी समजून तिसरा ग्लास तीच थंडाई दिली. उठून उभे राहिले आणि जागच्या जागी खाली बसले. रात्र हॉस्पिटलमध्ये गेली, सकाळी घरी आले, ठीक झाले. मला मात्र आजही पांढऱ्या रंगाचं काहीही दोन वेगळ्या भांड्यांत ठेवलेलं चालत नाही.

त्या जिन्यात सगळं होतं. खाल्लेली-प्यायलेली भांग पोटातून यकृतात जाते, तिथे तिचं आणखी जोरकस रूप तयार होतं, आणि हे व्हायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत काहीही वेळ लागतो. टीएचसीमुळे लाळ कमी होते, म्हणून तहान लागल्यासारखं वाटतं. नाडी वाढते आणि उभं राहताना रक्तदाब खाली येऊ शकतो. आता यात अलिबागचा मे मिसळा. चौतीस अंश, हवेत दमटपणा इतका की घाम निथळतो पण वाळत नाही, शरीरातलं पाणी आधीच कमी. त्यात माणूस समुद्रावरून येऊन आरामखुर्चीत बसलाय आणि जेवायला हाक आल्यावर उठतोय. तुमच्या वडिलांना डॉक्टरांनी बियर कशासाठी बंद केली ते तुम्ही लिहिलं नाहीत. पण रक्तदाबाची, हृदयाची गोळी चालू असेल तर ‘दारू नाही ना, मग चालेल’ हा हिशोब तिथेच चुकतो. काका एकीकडे बियर आणि दुसरीकडे कॅन घेतील, तर अल्कोहोलमुळे टीएचसी रक्तात जास्त चढू शकतं. आणि घरात कुणी मर्चंट नेव्हीत असेल (कोकणातल्या घरात एखादा तरी असतोच), तर लघवीच्या तपासणीत याच्या खुणा अनेक दिवस सापडतात. जहाजावर चढण्याआधी हा विनोद परवडणारा नाही.

नॅनो इमल्शनवाले म्हणतात, आमचं लवकर लागतं, पंधरा मिनिटांपासून अर्ध्या तासात. साध्या भांगेपेक्षा लवकर, हे मान्य. तरी माझ्या धंद्याच्या नजरेने तेही उशिराच, आणि इथे मी मुद्द्यावर येते.

मी पेय तपासताना एकच गोष्ट घड्याळ लावून बघते: ग्लास किती वेळ टिकतो. पंधरा माणसांना पेय द्या, कोपऱ्यात उभ्या राहा. लिंबू सरबताचा ग्लास दोन मिनिटांत रिकामा. बियरचा ग्लास वीस-पंचवीस मिनिटं. व्हिस्कीचा त्याहून जास्त. माणूस संध्याकाळी ‘बसतो’ तेव्हा त्याला त्या वीस मिनिटांचा आधार हवा असतो. घोट, गप्पा, चखण्याचा एक दाणा, घोट. सरबत दिलं की ते दोन मिनिटांत संपतं आणि हात रिकामा होतो. मग माणूस म्हणतो, ‘मला दारूच बरी.’ त्याला बऱ्याचदा दारूच्याही आधी ग्लास हवा असतो.

गांजाच्या कॅनची गंमत अशी, की ते चवीला सरबतच आहे. हलकं, फळाचं, गार. उन्हाळ्यात सरबताच्या वेगाने पाच मिनिटांत संपतं, आणि मग त्यातलं औषध निवांत विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला येतं. तोवर काकांनी दुसरं उघडलेलं असतं. बियरची लय अशी की घोटामागून घोट थोडं थोडं चढतं, शरीर मध्येच सांगतं, बास. इथे सांगणारा उशिरा पोचतो. अमेरिकेतल्या चांगल्या कंपन्यांनी म्हणूनच मात्रा कमी करत आणली, २ मिलिग्रॅमचे कॅनही आहेत, म्हणजे एकामागून एक पिता येतील. ही त्यांची समजूतदार बाजू. पण मला त्यात एक कबुली दिसते: लोकांना मुख्यतः पीत राहायचंय.

सीबीडीच्या, म्हणजे गांजातल्याच दुसऱ्या एका रसायनाच्या, कॅनबद्दलही कुणीतरी विचारेलच. त्याने चढत नाही. एका कॅनमध्ये दहा-वीस मिलिग्रॅम असतं, आणि भीती-ताण कमी होतो का हे बघणाऱ्या प्रयोगांत ३०० मिलिग्रॅमसारख्या मात्रा दिल्या होत्या. बाकीचं काम लेबलचा रंग करतो. इथे विजयाचं (विजया हे भांगेचं आयुर्वेदातलं नाव) म्हणून मिळतं ते आयुर्वेदिक औषध आहे आणि ते चिठ्ठीवर घ्यायचं. ते सोड्यात घालायला नाही.

तर मग काकांच्या हातात काय.

बिनअल्कोहोलची बियर मिळते, ठेवा चार. एकाला आवडेल, दुसरा म्हणेल ‘बियरची आठवण येते’, आणि ज्याला सोडायचीय त्याला आठवण नकोच असते. माझं मत: बियर सोडल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ती टाळा.

ग्लास वीस मिनिटं टिकवायला चार गोष्टी लागतात. गोडी कमी. कडवटपणा थोडा, कारण कडू पेय माणूस घटाघट पीत नाही. घशाला काहीतरी लागलं पाहिजे, कारण दारूत जीभ आणि घसा ज्याला ‘पेय’ समजतात ते म्हणजे ती जळजळ. आणि गॅस कडक. सोड्याचा चटका ही नुसती बुडबुड्यांची गुदगुली नाही. कार्बन डायऑक्साइड जिभेवर आम्ल होऊन टोचतो, म्हणून गॅस गेलेला सोडा तितकाच थंड असला तरी मेल्यासारखा लागतो. बियरमध्ये द्रवाच्या आकारमानाच्या अडीच पट गॅस असतो, चांगल्या सोड्यात साडेतीन-चार पट. मुंबईच्या लोकांना हा चटका जुना आहे. पालनजींचा रास्पबेरी १८६५ पासून, ड्यूक्स १८८९ पासून, आणि काचेच्या गोटीने तोंड बंद होणारी ती बाटली तर कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली. इराण्याकडे बेरी पुलावाबरोबर रास्पबेरी पिणारा माणूस बियर मागत नाही हे मी पाहिलंय. तो गोड असूनही टिकतो, तो त्या चटक्यावर.

घशाला लागण्यासाठी माझं आवडतं म्हणजे तिरफळ. बांगड्याच्या तिखल्यात घालतो तेच. बारवाले यासाठी बाहेरची मिरपुडीची बिटर्स (पेयात थेंब थेंब घालायचे कडू अर्क) मागवतात तेव्हा मला हसू येतं. तिरफळाने जिभेच्या टोकाला बारीक झिणझिण्या येतात, ओठ किंचित बधिर होतात. ज्यांना ‘काहीतरी होतंय’ हवं असतं त्यांना इथे काहीतरी होतं आणि दहा मिनिटांत जातं. आठ-दहा तिरफळं घ्या, काळं बी काढून टाका, टरफलं खलात नुसती फोडा. पाव लिटर पाणी उकळून बाजूला काढा, दोन मिनिटं थांबा, मग त्यात टरफलं टाकून झाकून पंधरा मिनिटं ठेवा. गाळा, गार करा. उकळत ठेवू नका, वास उडतो आणि उरतो तो तुरटपणा. हे पाणी फ्रीजमध्ये तीन दिवस टिकतं, म्हणजे तुमची सहल पुरती.

एका ग्लासाला: कोकम आगळ २० मिली, तिरफळाचं पाणी २५ मिली, साखरेचा पाक फार तर १० मिली, वर १५० मिली सोडा. वडिलांना रक्तदाब असेल तर आगळ नको, त्यात मीठ भरपूर असतं. बिनमिठाची कोकमं चार तास भिजवा, कुस्करा, गाळा, ते पाणी ४० मिली घ्या. रंग तोच, आंबटपणा थोडा मवाळ.

दुसरं कैरीचं, आणि याची मला गंमत वाटते. त्या कॅनवर ‘टर्पीन’ असं मोठ्या कौतुकाने लिहिलेलं असतं. टर्पीन म्हणजे झाडांच्या वासाची द्रव्यं. गांजाच्या वासात जे मायर्सीन असतं ते आंब्यातही असतं, मिरी-लवंगेतलं कॅरिओफिलीन तिकडे असतं, लिंबाच्या सालीतलं लिमोनीनही. कैरीचा देठ मोडल्यावर चिकाला जो तिखट-हिरवा वास येतो, तो नाकाला लावून बघा. म्हणजे वासासाठी मिनेसोटाला जायची गरज नाही. कैरी सालीसकट भाजा, उकडू नका. गर काढा, किलोला शंभर ग्रॅमच गूळ घाला, म्हणजे नेहमीच्या पन्ह्याच्या मानाने फारच कमी. भरडलेली मिरी घाला आणि जाड कापडातून गाळा. गर राहिला तर सोडा फसफसून बाहेर येतो. ४० मिली हे, १५० मिली सोडा, वरून लिंबाच्या सालीचा तुकडा पिळून. रस नको, साल.

कडवटपणासाठी काडेचिराईत. अर्धा चमचा काड्या कपभर पाण्यात रात्रभर, सकाळी गाळून एका ग्लासाला एक लहान चमचा, त्याहून जास्त नाही. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला हे देऊ नका, त्याने साखर आणखी खाली येऊ शकते. त्यांच्यासाठी मोसंबीची साल, आतल्या पांढऱ्या भागासकट, पाण्यात भिजवा. कडू होते, आणि वासही छान.

गॅस सांभाळायची रीत साधी आहे आणि नव्वद टक्के घरांत चुकते. सोडा, कोकम, ग्लास, सगळं चार-पाच तास फ्रीजमध्ये. कोमट द्रवात गॅस राहत नाही. आधी तळाला कोकमाचं किंवा कैरीचं मिश्रण, मग बर्फ, शेवटी सोडा कडेने. चमच्याने एकदाच खालून वर. कोरडं मीठ किंवा जिरेपूड वरून टाकायची नाही. दाण्यादाण्यावर बुडबुडे धरतात आणि सगळा गॅस फेसात जातो. नाक्यावरचा मसाला सोडा फसफसून ओसंडतो ते दिसायला झकास, पण ग्लासात उरतं ते मसालापाणी. मीठ पाण्यात आधी विरघळवून घाला. बर्फासाठी स्टीलचा चौकोनी डबा पाणी भरून रात्रभर फ्रीझरला, सकाळी खिळ्याने मोठे तुकडे पाडा. मशीनचा पोकळ बर्फ अलिबागच्या उन्हात पाच मिनिटांत पाणी होतो, आणि तुमचं वीस मिनिटांचं पेय सात मिनिटांत फिकं. ग्लास लहान द्या, जड बुडाचा. मोठ्या ग्लासात माणूस तहान भागवतो, लहान ग्लासात तो बसतो.

सोलकढीत सोडा घालू नका. मी घातलाय. नारळाचं दूध फाटलं, फेस टेबलावर, आणि हॉटेलच्या मालवणी शेफने आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

पहाटे उठणारं कुणी असेल तर नीरेचा पर्याय आहे. ती नैसर्गिकरीत्याच थोडी फसफसते, पण सूर्य वर आला की ताडीकडे निघते, म्हणून केंद्रावरची थंड ठेवलेली घ्या आणि तिथेच संपवा. संध्याकाळसाठी भरून आणलेली नीरा म्हणजे मामेभावाचा कॅन परवडला.

एक गोष्ट काकांबद्दल. ते रोज संध्याकाळी भरपूर घेत असतील, तर सहलीच्या निमित्ताने एकदम बंद करायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. रोजच्या सवयीची दारू अचानक तोडली की दुसऱ्या दिवशी हात थरथरणं, घाम, आणि कधी कधी त्याहून गंभीर होतं. त्यावर माझं कोकम उपयोगाचं नाही.

मामेभावाची बॅग रिकामी जायला नको असेल तर त्याला हॉप वॉटरचे कॅन आणायला सांगा. हॉप म्हणजे बियरला कडवटपणा देणारं फूल. झाड गांजाच्याच कुळातलं, पण त्याने चढत नाही. नुसतं सोड्यात मुरवलेलं असतं, साखर नाही, दारू नाही. मात्र लेबल दोनदा वाचायला सांगा, कारण तिकडे काही जण त्यातही टीएचसी घालतात. तिरफळ लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत मिळेल. पिशवी उघडून बघून घ्या, काळं बी काढलेलं आहे ना. दुकानदार ‘काढलंय’ म्हणतो आणि निम्म्यांत असतं.